दहा मिनिटे पुढे असलेले घर

आमच्याकडे आलेला पाहुणा पहिल्या तासाभरात एकदा तरी दचकतो. तो भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहतो, मग खिशातला मोबाइल काढतो, पुन्हा भिंतीकडे पाहतो आणि सौजन्य म्हणून मोबाइलच बिघडला असावा असा चेहरा करतो. त्याला कोणी काही सांगत नाही. सांगायचे म्हटले तर माझ्या सासऱ्यांच्या साऱ्या नोकरीचा इतिहास सांगावा लागेल, आणि तोवर त्याचा चहा निवेल.

सासरे रेल्वेत गार्ड होते. डब्यांच्या शेवटी उभे राहून हिरवा झेंडा हलवण्यात ज्याचे आयुष्य गेले, त्याला वेळेविषयी जे वाटते ते आपल्यासारख्यांना कळणे कठीण. घरातले प्रत्येक घड्याळ त्यांनी दहा मिनिटे पुढे ठेवले आहे: बैठकीतले, स्वयंपाकघरातले, इतकेच काय, देव्हाऱ्याशेजारचे गजराचेसुद्धा. हेतू असा, की घरातल्या कोणाचीही गाडी कधी चुकू नये. प्रत्यक्षात आम्ही सगळे मनातल्या मनात दहा वजा करतो आणि निवांत राहतो. हे लक्षात आल्यावर एकदा त्यांनी गुपचूप ती आणखी तासभर पुढे ढकलली होती. त्या दिवशी आम्ही एका मुंजीला इतके लवकर पोचलो, की मांडववाले बांबू रोवत होते आणि यजमान टॉवेल गुंडाळून दात घासत होते. जरीचे लुगडे नेसलेल्या सासूबाईंना तिथे मटार सोलायला बसावे लागले. परतताना रिक्षात सासूबाईंनी तह करून घेतला: दहाच. त्यापुढे एक मिनिटही नाही. तो तह आजवर पाळला गेला आहे.

या घरात मी सून म्हणून आले ती कवितेत एम.ए. होऊन. वृत्ते, यती, अनुप्रास यांचे मला वेड. ओळीच्या शेवटी श्वास कुठे थांबतो हे मला ऐकू येते. शंकर नगरातल्या आमच्या गल्लीत दुपारी कूलरमधल्या ओल्या वाळ्याचा गंध उतरतो, तेव्हा तो मला दीर्घ स्वरासारखा वाटतो. अशा बाईने लिनक्स नावाच्या संगणक-प्रणालीसाठी तारखा ओळखणाऱ्या एका प्रोग्रामचे पुडके बांधावे, हे तसे विचित्रच. पण त्याला कारण सासूबाई होत्या.

या हिंदी मुलखात, पुरानी बस्तीतल्या एका मंदिरामागच्या खोलीत आमच्या मराठी लोकांचे एक छोटे वाचनालय आहे. सासूबाई रोज संध्याकाळी तिथे पुस्तके देतात-घेतात. मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रियांनंतरही बारीक अक्षर त्यांना दिसेना, तेव्हा समितीने हळूच सुचवले होते, की आता विश्रांती घ्यावी. त्याच सुमारास कोणीतरी एक जुना संगणक दिला. मी त्यावर लिनक्स बसवले, पुस्तकांच्या देवघेवीचा एक फुकट मिळणारा प्रोग्राम टाकला आणि पडद्यावरची अक्षरे भाकरीएवढी मोठी केली. सासूबाई पुन्हा खुर्चीवर बसल्या. त्या प्रोग्राममध्ये एक मोठी सोय होती. पुस्तक कधी परत येणार हे आपण बोलतो तसे लिहिले, 'पुढच्या शनिवारी' किंवा 'दोन आठवड्यांनी', की तो आपणच तारीख शोधून काढी. सासूबाईंना आकडे शोधत बसावे लागत नसे.

हे तारीख शोधण्याचे काम जो करी तो आतला एक वेगळा, लहानसा प्रोग्राम होता. आणि एके दिवशी मी वाचले, की लिनक्सच्या पुढच्या आवृत्तीत तो नसेल. त्याची निगा राखणारा कोणी उरला नव्हता. तो गेला की त्याच्यावर उभा असलेला देवघेवीचा प्रोग्रामही जाणार, आणि वाचनालयात जुनी आवृत्ती फार काळ चालवता येणार नव्हती. समितीतले एक गृहस्थ तर शिवणवर्गासाठी खोलीची मोजमापे घेऊनही गेले होते. मी सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या मेथी निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. एवढेच म्हणाल्या, "मंग मी संध्याकाळी करू काय?"

त्या अनाथ प्रोग्रामची निगा मी राखीन, असे पत्र मी लिनक्सवाल्यांना त्याच दिवशी पाठवले.

पुडके बांधणे म्हणजे काय, हे मला पुस्तकांतून कळले नाही. ते सासूबाईंच्या पार्सलवरून कळले. पुण्याच्या नणंदेला त्या वर्षातून एकदा डबा पाठवतात. रखिया बडी, म्हणजे कोहळ्याचे सांडगे, वेगळी, तिळाची बिजौरी वेगळी, लसणाची चटणी तिहेरी पिशवीत, आणि प्रत्येकावर चिठ्ठी: हे आधी संपव, याला ऊन दाखव, हे तळण्याआधी घरात ताजे ताक आहे ना ते पाहा. माझे काम तेच होते. प्रोग्राम दुसऱ्यांनी लिहिलेला; मी फक्त तो असा बांधायचा, की जगात कुठेही उघडला तरी सांडू नये, आणि त्याला आधी काय काय घरात लागते ते वर स्पष्ट लिहायचे. शेवटी बांधणाऱ्याने आपली सही करायची. ही सही शाईची नसते. संगणकच ती एका गुप्त किल्लीने करतो आणि केव्हा केली ती वेळही तिच्यात गोवतो.

सासूबाईंनी शेजारी सांगितले, सून पॅकिंगचे काम करते. दुसऱ्याच दिवशी शेजारची भाभी दारात उभी.

"दीदी, पंडरी के कपड़ा बाज़ार में किसके यहाँ लगी हो? साड़ी की पैकिंग है कि सूट की?"

मी म्हणाले, डेट्सची आहे.

"खजूर की?" तिचे डोळे चमकले.

मी मराठीतून, हिंदीतून, हातवारे करून समजावले. सगळे ऐकून तिने एकच प्रश्न विचारला, की पैसे किती मिळतात. काहीच मिळत नाहीत म्हटल्यावर ती घरी गेली आणि कैरीच्या लोणच्याची बरणी घेऊन परत आली. अशी कणव माझ्या कवितांच्याही वाट्याला कधी आली नव्हती.

काम मात्र मला आवडू लागले. त्या प्रोग्रामसोबत त्याच्या परीक्षेची वाक्ये येत. कितीतरी भाषांतली, एकाखाली एक: काल दुपारी; तीन महिन्यांपूर्वी; मागच्या मंगळवारी; आत्ताच. नुसत्या वेळा. कोण आले, कोण गेले, काय राहून गेले, याचा पत्ता नाही. वाचता वाचता मला वाटे, कोणीतरी एका भल्या मोठ्या कवितेतली माणसे हळूच उचलून नेली आहेत आणि क्रियाविशेषणे तेवढी मागे ठेवली आहेत. मी ती मोठ्याने वाची. बाहेरच्या खोलीतून सासरे विचारीत, "कोण गेलं मंगळवारी?"

सासरे आमच्या घरच्या संगणकाचे दुसरे वापरकर्ते. विजेचे बिल ते त्यावरच भरीत, म्हणून त्याचा पासवर्ड घरात सर्वांना ठाऊक होता. सकाळी घड्याळांच्या काचा पुसून झाल्या की ते त्याच फडक्याने पडदाही पुसत. अक्षरांवरून फडके फिरवताना त्यांचा चेहरा मालगाडीचे डबे तपासल्यासारखा गंभीर असे.

पुडके तयार झाले. मी सही केली आणि पाठवले. या प्रणालीच्या वेशीवर एक यंत्र बसलेले असते. आलेले पुडके ते तत्क्षणी तपासते. यंत्राने ते परत केले. एका ओळीचा निरोप होता: सही ग्राह्य नाही.

मला काम शिकवायला एक गृहस्थ नेमले होते. कुठल्याशा थंड देशात राहत, आणि त्यांची पत्रे तिथल्या हवेसारखीच कोरडी असत. त्यांना मी घाबरून लिहिले. काही तासांनी उत्तर आले: 'मी आपली सही स्वतः तपासली. ती पूर्णपणे योग्य आहे. पुन्हा पाठवावे.'

मी पुन्हा पाठवले. आता, इथे आळशी बाई असती तर तिने तेच जुने पुडके तसेच पुढे ढकलले असते आणि सुखी झाली असती. पण मी कवितेच्या शिस्तीत वाढलेली. परत आलेली कविता मी कधी तशीच दुसरीकडे पाठवली नाही; नव्याने लिहून काढली. तसेच मी पुडके सोडले, झटकले, पुन्हा बांधले, ताजी सही केली आणि त्याच क्षणी रवाना केले. सही ग्राह्य नाही. मार्गदर्शकांचे पत्र: 'मला योग्य दिसते.' पुन्हा बांधणी, पुन्हा ताजी सही. सही ग्राह्य नाही. 'मला अजूनही योग्य दिसते,' त्यांनी लिहिले, आणि त्या 'अजूनही' शब्दावर मला प्रथमच त्यांचा उसासा ऐकू आला.

मी नवी किल्ली बनवली. सही करण्याची सगळी साधने मुळापासून पुन्हा बसवून पाहिली. शेवटी सासूबाई मीठ-मिरच्या घेऊन आल्या.

"हल तिकडं. दृष्ट काढते त्याची."

"आई, कॉम्प्युटरची?"

"काहून? त्याले डोळे लागत नाही का? त्या भाभीनं कितीदा पाहिलं येऊन."

त्यांनी पडद्यावरून मूठ उतरवली आणि मिरच्या शेगडीत टाकल्या. या परीक्षेचा नियम असा, की ठसका लागला नाही तर दृष्ट होती, आणि लागला तर नव्हती. क्षणात घरभर तिखट, बोचरा, डोळ्यांत सुया टोचणारा धूर झाला. सासरे खोकत अंगणात पळाले. मी पदराने नाक झाकले. कूलरने तो सगळा धूर मन लावून पुन्हा घरात फिरवला. सासूबाई खोकत खोकतच म्हणाल्या, "नाही. दृष्ट नाही. तुझंच काहीतरी चुकून राहिलं."

त्यांचे निदान मार्गदर्शकांच्या निदानापेक्षा जवळचे होते, हे तेव्हा कळायला हवे होते.

मग शेवटचा दिवस उगवला. नवी आवृत्ती निघण्याआधी वेस बंद होते. त्यानंतर आलेले नवे काही आत घेत नाहीत. भारतीय वेळेप्रमाणे ती संध्याकाळी साडेसहाला बंद व्हायची होती. तो दिवस असा तापला होता, की कडुलिंबाची पानेही हलायची टाळत होती. दुपारी तांबूस धुळीचे अंधड आले, गच्चीवरचे पापड शेजारच्या आवारात गेले आणि वीजही गेली. मोबाइलमधले उरलेसुरले वीजकण मी मार्गदर्शकांना 'वीज नाही' एवढे कळवण्यात खर्च केले. 'ठीक,' त्यांनी लिहिले, आणि मोबाइल विझला.

वीज आली तेव्हा उन्हे कलली होती. संगणक जागा व्हायला वेळ घेऊ लागला. मी शेवटची बांधणी सुरू केली. प्रोग्राम आपली परीक्षावाक्ये एकेक करून सोडवू लागला, काल, परवा, तीन महिन्यांपूर्वी, आणि मी त्याच्या कानात ओरडावे तसे म्हणत होते, अरे आत्ता, आत्ता! बांधणी संपली. मी सहीसाठी हात उचलला आणि पडद्याचा कोपरा पाहिला. सहा बत्तीस.

मी हात खाली ठेवला.

सासूबाई वाचनालयात जायला निघाल्या होत्या. त्यांच्या अंगाला चंदनी पावडरचा वास येत होता आणि चष्म्याची पेटी हातात होती. माझ्याकडे पाहून त्यांना सारे कळले. त्यांनी चष्म्याची पेटी उघडली, मिटली.

"झालं का?"

"वेळ संपली, आई."

"बरं," त्या म्हणाल्या. "आजच्या दिवस तर जाते. पुस्तकं घेऊन लोक येतीन." मग थोडे थांबून, "त्या शिवणवाल्या बाईले सांगजो, खिडकीजवळची फरशी ओल धरते म्हणा."

तेवढ्यात सासरे आत आले. "काहून रडून राहिली ही?"

"साडेसहाला गेट बंद झालं," सासूबाई म्हणाल्या.

"मग? साडेसहा कुठं झाले?"

मी नाक पुसून पडद्याकडे बोट दाखवले. "हे काय बाबा, बत्तीस."

"ते आपलं घरचं आहे न! दहा मिनिटं पुढं."

"ते भिंतीवरचं. कॉम्प्युटरचं घड्याळ बरोबर असतं. तो बाहेरून आपोआप वेळ घेतो."

"बरोबरच होतं," सासरे म्हणाले, आणि त्यांच्या आवाजात केलेल्या कामाचा निखळ अभिमान होता. "म्हणून तर पुढं केलं. रोज पुसताना पाहून राहिलो होतो, सगळ्या घरापेक्षा दहा मिनिटं मागं. आपोआपचं बटण होतं, ते बंद केलं पहिले. मग केलं."

"कधी?"

"तू ते सामान बांधायले घेतलं, त्याच्या आधीच. म्हटलं पोरीले कामाची घाई, तिची गाडी नको चुकायले."

माझ्या डोक्यात एकेक दिवा लागत चालला होता. मी केलेली प्रत्येक सही अजून न उगवलेल्या वेळेची होती. वेशीवरचे यंत्र ती हातात पडताच पाही आणि म्हणे, ही तर अजून झालेलीच नाही. आणि तिकडे ते गृहस्थ तासा-दोन तासांनी चहा घेऊन बसत, तोवर ती वेळ येऊन गेलेली असे, आणि त्यांना सारे योग्यच दिसे. अजूनही योग्य दिसे! घरात शिरल्यापासून मी भिंतीवरच्या वेळेतून दहा वजा करत आले होते. पडद्याची वेळ भिंतीशी जुळते आहे, हे दिवसातून कितीदा तरी पाहिले असेल, आणि मला ते घराचे वळण वाटले.

"आई, मोबाइल! चार्जिंगला लावलाय ओट्याजवळ!"

सासूबाई पावडरीचा दरवळ मागे टाकत स्वयंपाकघरात धावल्या आणि मोबाइल डोळ्यांपासून हातभर लांब धरून तिथूनच ओरडल्या, "सहा तेवीस! सहा तेवीसच आहे वं!"

"बाबा, घड्याळ मागे करावं लागेल."

सासरे एक पाऊल मागे सरले. "मागं? मागं नाही करत कोणी घड्याळ. मागं केलं की गाडी जाते."

"बाबा, नाही केलं तर जाते!"

"पुढं केलेलं घड्याळ कधी कोणाले नडलं आहे का?"

"अहो!" सासूबाई दारात उभ्या होत्या, एका हातात मोबाइल, दुसऱ्यात चष्म्याची पेटी. "तुमची गाडी कधीचीच यार्डात लागली. माझी उभी आहे इथं. करा मागं."

त्यांनी सासूबाईंकडे पाहिले. मग खुर्ची ओढली, सदऱ्याच्या बाह्या सारख्या केल्या आणि माझ्याकडून माउस घेतला. त्यांचे बोट स्थिर होते. त्यांनी ते आपोआपचे बटण चालू केले. कोपऱ्यातले आकडे एकदम मागे आले. सासऱ्यांनी एका बाजूला मान वळवली, जशी आपण सुई टोचून घेताना वळवतो.

मी बांधणीवरची वेळ दुरुस्त केली, पुडके पुन्हा बांधले. या वेळी परीक्षावाक्ये सरकताना सासूबाई माझ्या खांद्यावरून ती मोठ्याने वाचत होत्या, जणू आरतीला स्वर देत होत्या. सही. रवाना. यंत्राचे उत्तर येईपर्यंत कोणी हलले नाही. सासऱ्यांचा उजवा हात, त्यांच्या नकळत, कोपरापासून वर उचलला गेला होता.

ग्राह्य.

सासऱ्यांचा हात सावकाश खाली आला. भिंतीवरच्या घड्याळात साडेसहा केव्हाच होऊन गेले होते. मोबाइलमध्ये अजून व्हायचे होते.

"पाहा," ते म्हणाले. "याच्याचसाठी दहा मिनिटं पुढं ठेवले होते."

"तुमच्यामुळेच तर चुकत होतं इतके दिवस!" मी म्हणाले.

"ते वेगळं," ते म्हणाले. "आजचं पाहा न."

त्यांच्या दहा मिनिटांनी माझे सारे दिवस खाल्ले होते, हे खरे. पण त्याच दहा मिनिटांमुळे, संपले म्हणून मी हातपाय गाळून बसले होते तेव्हा, घरात थोडा वेळ शिल्लक होता, हेही खरे.

मार्गदर्शकांना मी सर्व खरे लिहिले. झेंडा, मुंज, मटार, काही सोडले नाही. दुसऱ्या दिवशी त्यांचे उत्तर आले. आपले पुडके आत घेतले आहे, असे त्यांनी लिहिले होते. पुढे एक ओळ सोडून: 'या कामात मी इतकी वर्षे मागे पडलेल्या लोकांची वाट पाहत आलो आहे. पुढे निघून गेलेल्या कोणाची वाट पाहण्याची ही पहिलीच वेळ. आपल्या सासऱ्यांना नमस्कार.' नमस्कार मी पोचवला. "साहेब समजदार दिसते," सासरे म्हणाले.

नवी आवृत्ती निघाली तेव्हा वाचनालयाच्या संगणकावर ती मीच बसवली. शिवणवर्ग दुसऱ्या एका हवेशीर खोलीत सुरू झाला. सासूबाईंनी शिवणवाल्या बाईंना ओल्या फरशीची गोष्ट इतक्या तपशिलाने सांगितली होती, की त्यांनाच ती खोली नकोशी झाली. त्या पहिल्या संध्याकाळी मंदिरात घंटा वाजत होती, उदबत्तीचा वास जुन्या पुस्तकांच्या वासात मिसळला होता. एका मुलीने कादंबरी पुढे केली.

"कधी आणशील?" सासूबाईंनी विचारले.

"अगले शनिवार को, आजी."

सासूबाईंनी भाकरीएवढ्या अक्षरांत मराठीतून लिहिले: पुढच्या शनिवारी. पडद्यावर तारीख उमटली. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला, भिंतीवरच्या दिनदर्शिकेपाशी जाऊन नाक टेकेल इतक्या जवळून तीच तारीख शोधली, आणि संगणकाकडे वळून कौतुकाने मान हलवली. "हव. बरोबर सांगते हा."

त्यांना न्यायला आलेले सासरे दाराशी उभे होते. त्यांचे लक्ष पुस्तकांवर नव्हते, संगणकावरही नव्हते. वाचनालयाचे घड्याळ ते निरखत होते. मग त्यांनी कोपऱ्यातले स्टूल हळूच भिंतीशी सरकवले आणि चप्पल काढली.

सासूबाईंची पाठ तिकडे होती. त्या पुढच्या माणसाचे पुस्तक हातात घेत होत्या.

"दहाच हं," त्या म्हणाल्या.